लाजेवर चालणारा धंदा

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांचा हिशेब जाहीर केला होता. जानेवारी ते एप्रिल या काळात शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली फसलेल्यांच्या २०,०४३ तक्रारी आल्या आणि त्यांचे १,४२० कोटी रुपये गेले. ‘डिजिटल अटके’च्या तक्रारी ४,५९९ आणि रक्कम १२० कोटी. प्रेमाच्या, डेटिंगच्या नावाखाली लुटले गेलेल्यांच्या तक्रारी मात्र अवघ्या १,७२५, आणि रक्कम १३ कोटी २३ लाख. एवढ्या मोठ्या देशात चार महिन्यांत सतराशे माणसे. वाचून हायसे वाटावे असा हा आकडा आहे, पण तो खरा मानायला मन धजत नाही.

आता दुसरा हिशेब पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत एका ८० वर्षांच्या गृहस्थांच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. एप्रिल २०२३ मध्ये फेसबुकवर एका बाईशी ओळख झाली. मग व्हॉट्सअॅप आले, मुलांच्या आजारपणाची रड आली. पाठोपाठ दुसरी बाई आली, मग तिसरी आणि चौथीही. त्यातल्या एकीने पहिली वारल्याचे सांगून तिच्या दवाखान्याचे बिल मागितले. पैसे परत मागितले तर जीव देईन, असेही धमकावले. ७३४ व्यवहारांत मिळून जवळपास पावणेनऊ कोटी रुपये गेले. स्वतःचे संपले तेव्हा आजोबांनी सुनेकडून दोन लाख घेतले आणि मुलाकडे पाच लाख मागितले. मुलाने ‘कशाला?’ असे विचारले आणि तेव्हा कुठे सगळे उघडकीला आले. या चारही बायका म्हणजे एकच व्यक्ती असावी, असा पोलिसांचा संशय होता.

देशाच्या चार महिन्यांच्या नोंदीची दोन तृतीयांश रक्कम या एकट्या घरातून गेली. म्हणजे नोंदवही तोकडी आहे. ती दोन कारणांनी तोकडी आहे. बरेच जण तक्रारच करत नाहीत, हे पहिले. दुसरे असे की आताची फसवणूक प्रेमाने सुरू होते आणि गुंतवणुकीवर संपते. तक्रार लिहिताना माणूस ‘ट्रेडिंग अॅपमध्ये बारा लाख गेले’ एवढेच सांगतो, ते अॅप कोणाच्या गोड शब्दावर उतरवून घेतले ते सांगत नाही. लाजेने प्रेम वगळले जाते आणि गुन्हा भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. लाज हा या धंद्याचा केवळ परिणाम नव्हे, ते त्याचे भांडवल आहे. लुटणारा पैशाइतकाच लुटलेल्याच्या गप्प बसण्यावर विसंबून असतो. ओळखायचे कसे आणि करायचे काय, हे दोन्ही प्रश्न याच मुद्द्यावरून तपासायला हवेत.

या पट्ट्यातले एकटेपण

सातारा जिल्ह्यातले आपले मलकापूर कराडला चिकटलेले आहे. पुणे–बंगळूर महामार्ग गावातून जातो. कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे, शेजारी आगाशिवनगर आहे, आणि महामार्गाने थोडे दक्षिणेला गेले की वाळवा, म्हणजे सांगली जिल्हा लागतो. वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी, पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, उसाचे बागायतदार, पेन्शनर, निवृत्त जवान असे सगळे या एका पट्ट्यात आहेत. ‘असले प्रकार मुंबई-पुण्यात होतात’ हा समज इथे धोक्याचा आहे, कारण या धंद्याला लागणारा कच्चा माल इथे भरपूर आहे.

लग्नाचेच घ्या. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९, सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ मुली होत्या. ऊस, दूध आणि सहकाराने सधन झालेल्या या तीन जिल्ह्यांनी सोनोग्राफी यंत्राचा केलेला वापर त्या आकड्यांत उतरला आहे. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचे जे प्रकरण उघड झाले, तो त्याच कहाणीचा पुढचा भाग. त्या जनगणनेतली मुले आज लग्नाच्या वयाची आहेत. चार एकर बागायत, ट्रॅक्टर, पक्के घर, सगळे आहे, पण मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी तो गमतीच्या सुरात छापला. त्यात गंमत कसली होती, ते मला अजून समजलेले नाही.

या मुलांभोवती आधीपासून एक बाजार उभा आहे. एजंट येतो, परजिल्ह्यातले किंवा परराज्यातले ‘गरीब घरचे’ स्थळ दाखवतो, दीड-दोन लाख घेतो, देवळात लग्न लागते आणि आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिन्यांसकट गायब होते. पोलिसांना हा प्रकार नवा नाही. आता तोच मोबाइलवर आला आहे. आधी नोंदणी फी, मग फोटो आणि बायोडाटा, मग ‘मुलीच्या आईचे ऑपरेशन’, आणि मग फोन बंद. नवरी देवळापर्यंतही येत नाही, एवढाच फरक.

दुसरे एकटेपण बायकांचे आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण या भागांतली हजारो कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे देशभर विखुरलेली आहेत. पाटण आणि जावळीच्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत माथाडी. विधवा किंवा घटस्फोटित बाईने पुन्हा लग्नाचा विषय काढला, तर घरात आधी शांतता आणि मग कुजबुज. तिला लग्नाविषयी मोकळेपणाने बोलता येईल अशी एकच जागा उरते, हातातला मोबाइल. तिथे तिला ‘लंडनचा डॉक्टर’ भेटतो. तो रोज सकाळी विचारतो, जेवलीस का, झोप लागली का. ही विचारपूस घरातल्या कोणी किती वर्षांत केली होती, हा प्रश्न तिला ‘इतकी कशी भोळी’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावा.

तिसरे एकटेपण म्हाताऱ्यांचे. मुले पुण्याला किंवा परदेशात, खात्यात निवृत्तीची रक्कम, हातात मुलानेच घेऊन दिलेला फोन. मुंबईच्या त्या आजोबांची गोष्ट कराड-मलकापुरात घडायला काहीच आडकाठी नाही.

जुनी युक्ती, नवी साधने

युरोपात ‘स्पॅनिश कैदी’ म्हणून पत्रांची एक फसवणूक शतकानुशतके चालली. परदेशी तुरुंगात अडकलेला श्रीमंत सरदार, त्याची सुंदर मुलगी, सुटकेसाठी लागणारी थोडी रक्कम आणि मोबदल्यात मुलीचा हात व संपत्तीचा वाटा. नायजेरियातून येणाऱ्या पत्रांनी आणि पुढे ई-मेलनी हेच चालवले. तिथल्या दंडसंहितेतल्या ४१९ या कलमाचा आकडाच त्या फसवणुकीचे नाव होऊन बसला. समाजमाध्यमांनी कथा बदलली नाही. सरदाराच्या जागी शल्यविशारद, जहाजाचा कॅप्टन किंवा शांतिसेनेतला अधिकारी आला, इतकेच.

महाराष्ट्रात सध्या तीन प्रकार ठळक आहेत. पहिला पार्सलचा. दोन-तीन आठवडे गोड बोलून झाले की ‘तुझ्यासाठी भेट पाठवली आहे’ असे कळते. मग दिल्ली किंवा मुंबई विमानतळावरच्या ‘कस्टम्स’मधून बाईचा फोन येतो. पार्सलमध्ये दागिने आणि पौंड सापडले, आधी शुल्क भरा, नंतर दंड भरा, नाही तर मनी लाँडरिंगचा गुन्हा दाखल होईल. इथे प्रेमाची जागा भीती घेते. बाई पैसे भरते ती भेटीच्या लोभाने नव्हे, बहुतेक वेळा सुटका व्हावी म्हणून भरते. सीमाशुल्क विभागाने यावर अनेकदा जाहीर सूचना दिल्या आहेत: विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही, आणि नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या प्रत्येक अधिकृत पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, जो विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो.

दुसरा प्रकार गुंतवणुकीचा, आणि सर्वांत मोठ्या रकमा यातच जातात. इथे समोरचा माणूस पैसे मागतच नाही. तो श्रीमंत असतो, आपल्या मामाच्या किंवा काकांच्या ‘टिप्स’बद्दल सहज बोलता बोलता सांगतो, आणि तुला शिकवतो म्हणतो. अॅपवर पाच हजारांचे सात हजार झालेले दिसतात. ते सात हजार काढताही येतात, आणि इथेच माणूस फसतो. पुढे दोन लाख, दहा लाख, सोसायटीचे कर्ज, सोनेतारण. पडद्यावर चाळीस लाख दिसू लागतात, आणि काढायला गेले की ‘आधी तीस टक्के कर भरा’. पडद्यावरचा आकडा म्हणजे कोणीतरी टाइप केलेला आकडा असतो, त्यापलीकडे काही नाही. चिनी टोळ्यांनी या पद्धतीला डुकराला खाऊ घालून कापण्याची उपमा दिली आणि जगभरच्या पोलिसांनी तीच उचलली. फसलेल्या माणसाला डुक्कर म्हटल्यावर तो तक्रारीला पुढे येईल कसा, असे म्हणत डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने ते नाव सोडून देण्याचे आवाहन केले. उशिरा सुचलेले असले तरी ते शहाणपण आहे.

तिसरा प्रकार सर्वांत झटपट आणि सर्वांत क्रूर. अनोळखी मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट, अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल, समोर विवस्त्र दृश्य, दहा सेकंदांत आपलेही चित्रीकरण. मग पैशांची मागणी. मग ‘सायबर पोलीस अधिकारी’ असल्याचे सांगणारा, मग ‘व्हिडिओ काढून टाकतो’ म्हणणारा. तिन्ही आवाज एकाच टोळीचे. २०२२ मध्ये पुण्यात अशा छळाला कंटाळून एका १९ वर्षांच्या मुलाने जीव दिला. दत्तवाडी पोलिसांचा तपास राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या गुरुगोठडी या गावापर्यंत पोहोचला. त्या मुलाला ज्या बदनामीची भीती होती, तिची किंमत खंडणीखोरांच्या लेखी काही हजार रुपये होती.

प्रत्यक्ष भेटून फसवणारेही आहेत, हे विसरून चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी कल्याणमधून एका ४३ वर्षांच्या माणसाला पकडले. विवाह-संकेतस्थळांवर घटस्फोटित आणि विधवा स्त्रिया हेरून त्याने वीसहून अधिक जणींना फसवल्याचे पोलिसांनी सांगितले. आणि दर वेळी पैसाच मागितला जातो असेही नाही. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. आरोपपत्रानुसार आपण ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहोत, असे सांगणाऱ्या एका स्त्रीच्या जाळ्यात ते सापडले होते आणि तिच्यामागे पाकिस्तानी हेर होते. शिक्षण, हुद्दा, वय यांपैकी कशानेही कवच मिळत नाही, एवढ्यापुरते हे उदाहरण.

पलीकडे कोण बसले आहे

गोड संदेश टाइप करणारा माणूस कधी कधी स्वतःच कैदी असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे ऑनलाइन फसवणूक करायला जबरदस्तीने जुंपलेली असावीत. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी असे सांगून नेलेली मुले म्यानमारच्या म्यावड्डी भागातल्या कुंपणबंद वसाहतींत पोहोचतात. पासपोर्ट काढून घेतला जातो, आणि ठरवून दिलेली शिकार झाली नाही तर मार मिळतो. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांनी ५४९ नागरिकांना तिथून परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरनेही साठेक जणांची सुटका करवली आणि त्यांना तिकडे पाठवणाऱ्यांपैकी काहींना अटक केली. परदेशी नोकरीची जाहिरात पाहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि एक दुवा थेट आपल्या गल्लीत आहे. लुटलेला पैसा आधी भाड्याच्या बँक खात्यांत जातो. ‘तुझे खाते आणि सिमकार्ड महिनाभर दे, दहा हजार मिळतील’ या आमिषाला बळी पडणारे बहुतेक तरुण असतात. ज्या गावात महाविद्यालये आणि वसतिगृहे आहेत, तिथे हे दलाल पोहोचतातच. खाते ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्या दारात येतात. ‘मला काही माहीत नव्हते’ हे सांगत बसायला मग वकील लागतो.

ओळखायचे कसे

भित्तिपत्रकांवरचा ‘अनोळखी व्यक्तीशी बोलू नका’ हा उपदेश मला निरुपयोगी वाटतो. आपल्याकडे ठरवून होणारे प्रत्येक लग्न अनोळखी माणसाशीच होते. फरक असा, की त्या अनोळखी माणसाभोवती चौकशीचे जाळे असते. गाव कुठले, भावकी कोणती, आईचे माहेर कुठे, आत्या कुठे दिली, मधला माणूस कोण. सातारा-सांगलीकडची दोन माणसे भेटली की तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला एखादा सामाईक पाहुणा निघतोच. ऑनलाइन ओळखीत नेमकी हीच चौकशी गळून पडते, आणि ती करणे मागासलेपणाचे वाटू लागते. खरे तर फसवणाऱ्याला सर्वांत अडचणीचे तेच प्रश्न असतात. ‘आमचे अमुक पाहुणे तुमच्या गावाजवळ असतात, ते उद्या तुमच्या घरी चहाला येतील’ एवढे वाक्य टाकून पाहावे. खरा माणूस पत्ता सांगतो, खोटा चिडतो किंवा दुखावला जातो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हे वाक्य ऐकले की समजावे.

गुप्ततेचा आग्रह ही दुसरी खूण, आणि माझ्या मते सर्वांत पक्की. ‘आपले नाते एवढ्यात घरी सांगू नकोस, लोक जळतात’ हे जो म्हणतो, तो तुम्हाला मदतीपासून तोडत असतो. विवाह-संकेतस्थळावरून दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर आणि तिथून टेलिग्रामवर नेण्याची घाई याच कारणाने असते. मूळ ठिकाणचे खाते बंद झाले तरी शिकार हातून जाऊ नये, हाही त्यात हेतू. आठवडाभरातच जन्मोजन्मीची भाषा, दिवसातून पन्नास संदेश, आणि भेटायचे ठरले की आदल्या दिवशी अपघात किंवा बदली.

आपल्या भागात गणवेशाला मोठा मान आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे फौजींचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ‘मी फौजेत आहे’ म्हटल्यावर कोण शंका घेणार? लुटारूंना हे ठाऊक आहे. खरा जवान आपले ओळखपत्र, कँटीन कार्ड अनोळखी माणसाला पाठवत नाही. खोटा न मागता पाठवतो.

फोटो खरा की चोरीचा, हे गुगलच्या छायाचित्र-शोधात टाकून पाहता येते. ते जरूर करावे, पण त्यावर विसंबू नये. नव्याने बनवलेला चेहरा त्या शोधात कुठेच सापडत नाही. ‘व्हिडिओ कॉलवर पाहिले म्हणजे खात्री झाली’ हेही आता संपले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांची टोळी पकडली. डीपफेकने स्त्रियांचे चेहरे लावून ते व्हिडिओ कॉल करत आणि त्यांनी सुमारे साडेचार कोटी अमेरिकी डॉलर लुबाडले होते. फ्रान्समध्ये एका बाईला हॉलिवूडच्या नामांकित नटाचे खोटे फोटो पाठवून ८ लाख ३० हजार युरोंना लुटल्याचे जानेवारी २०२५ मध्ये तिच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीतून जाहीर झाले. सारा फ्रान्स तिच्यावर हसला, आणि ती मुलाखत वाहिनीला मागे घ्यावी लागली.

शेवटी एकच कसोटी टिकते. ज्याला प्रत्यक्ष, चार माणसांत भेटलेलो नाही, त्याच्या सांगण्यावरून पैसा हलवायचा नाही. द्यायचा नाही, गुंतवायचा नाही, आणि आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवायचाही नाही. कारण कितीही करुण असो.

पैसे गेल्यावर

पहिले काम १९३० वर फोन. रडणे, भांडणे, त्या माणसाला जाब विचारणे हे सगळे नंतर. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तिच्यामागची व्यवस्था २०२१ पासून बँकांशी जोडलेली आहे, आणि तक्रार वेळेत गेली तर पैसा ज्या खात्यात पोहोचला आहे तिथेच तो रोखून धरता येतो. चोराचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात काही तासांतच फिरतो, म्हणून पहिले तास मोलाचे. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरावी आणि बँकेलाही लेखी कळवावे.

मग पोलीस ठाणे. कराडचे ठाणे जवळ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर ठाणे आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर आता चालत नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड आणि न्याय संहितेचे ३१९, फसवणुकीसाठी ३१८, खंडणीसाठी ३०८ ही कलमे लागू शकतात. चॅट पुसून टाकू नये. लाजेने सर्वांत आधी होणारी चूक हीच, आणि पुरावाही तिथेच संपतो.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा दाखला अनेक जण देतात, की तीन दिवसांत कळवले तर पैसे परत मिळतात. ते परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी होते. प्रेमाच्या फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच्या हाताने पाठवतो, त्यामुळे बँक सहसा हात वर करते. रोखलेली मोठी रक्कम परत मिळवायलाही साधारणपणे न्यायालयाचा आदेश लागतो. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, आणि १९३० च्या व्यवस्थेने २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत मिळून ५,४८९ कोटी वाचवले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. वाचण्याची शक्यता आहे, पण ती पहिल्या दिवसाची आहे. आणि काही महिन्यांनी ‘तुमचे पैसे मिळवून देतो, फी भरा’ म्हणणारा ‘वकील’ किंवा ‘हॅकर’ भेटला, तर तो त्याच टोळीचा असतो किंवा तिने विकलेल्या यादीचा गिऱ्हाईक असतो.

व्हिडिओच्या धमकीत पैसे अजिबात देऊ नयेत. एकदा देणारा पुन्हा देतो, हे त्यांना पाठ असते. स्क्रीनशॉट घ्यावेत, क्रमांक ब्लॉक करावा, खाती काही दिवस बंद ठेवावीत, तक्रार करावी. अशी दृश्ये तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर घातले. स्टॉप-एनसीआयआय नावाची मोफत सेवाही आहे. तिथे व्हिडिओ पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि तो ठसा पाहून सहभागी कंपन्या तो व्हिडिओ अडवतात. मनाने कोलमडलेल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.

घराने काय करावे

मोनिका व्हिटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ब्रिटनमध्ये फसलेल्या माणसांशी सविस्तर बोलून दाखवून दिले, की हा मार दुहेरी असतो. पैसा जातो आणि माणूसही जातो. तो माणूस कधी नव्हताच, हे बुद्धीला पटते, पण सहा महिने रोज ‘जेवलीस का’ विचारणारा आवाज बंद झाल्याचे दुःख खरेच असते. म्हणून कित्येक जण पोलिसांनी सांगूनही विश्वास ठेवत नाहीत, त्याला पुन्हा फोन करतात, पुन्हा पैसे पाठवतात. घरच्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटतो. वास्तविक ते सुतक आहे, फक्त त्याला भेटायला कोणी येत नाही.

आपल्याकडे या जागी येतो तो उद्धार: म्हातारपणी हे काय सुचले, बाईच्या जातीला हे शोभते का, घराण्याचे नाव घालवलेस. मुंबईच्या त्या प्रकरणातला मुलगा ‘कशाला?’ असे विचारणारा होता म्हणून निदान ७३४ व्या व्यवहारावर तरी थांबले. दहाव्याला आजोबांनी मोकळेपणाने सांगितले असते तर? तेवढी मोकळीक घरात असती तर?

व्यवस्थेची बाजूही कमी लंगडी नाही. विवाह-संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये सूचना काढल्या: वापरकर्त्याची ओळख तपासा, नोंदी ठेवा, फसवणुकीचे इशारे द्या. पण त्या सूचनाच राहिल्या. पैसे भरून सभासद झालेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक सोडून आणखी काय तपासले, हे या कंपन्यांना कोणी विचारत नाही. सत्तरीतला खातेदार वीस वर्षांत न केलेला व्यवहार आठवड्यात चारदा करू लागला, तर बँकेच्या यंत्रणेने व्यवहार अडवून फोन करायला हवा. गावातल्या पतसंस्थेतला कारकून ते ओळखू शकतो, कारण तो माणसाला ओळखतो. मोबाइल अॅप ओळखत नाही.

मलकापूरने घरटी मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना चालवली आणि ती देशभर नावाजली गेली. मीटरला लोक आधी तयार नसतातच, त्यासाठी घरोघर जाऊन समजवावे लागते. तेवढे बोलणे या प्रश्नावरही व्हायला हवे. वधू-वर मेळाव्यात, बचत गटाच्या बैठकीत, ज्येष्ठ नागरिक संघात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात. भाषण नको. फसलेल्या माणसाने, नाव सांगून किंवा न सांगता, आपली हकिगत सांगावी आणि ऐकणाऱ्यांनी हसू नये.

आणि वाचकांना एक विनंती. घरातले, शेजारचे, ऑफिसातले कोणी असे काही सांगायला आले, तर ‘तू असे केलेसच कसे?’ हा प्रश्न निदान त्या दिवसापुरता गिळावा. आधी त्याच्या हातात फोन द्यावा आणि १९३० लावून द्यावा.